पार्लरची खुर्ची आणि तुमची मान

ब्युटी पार्लर ही आता मोठ्या शहरांची मिरासदारी राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत चालत गेलात, तर पार्लरच्या चार-दोन पाट्या सहज नजरेस पडतात. कुणी गाळा भाड्याने घेतलेला असतो, कुणी घरातलीच पुढची खोली पडदा लावून वेगळी केलेली असते. लग्नसराई आली की या खोल्यांत बसायला जागा नसते. अनेक घरांचा चरितार्थ आज या व्यवसायावर चालतो आणि तो चालवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच आहेत. मला ही गोष्ट कौतुकाचीच वाटते.

आरोग्याच्या सदरात पार्लरचे काय काम, असे काही वाचक विचारतील. क्रीम, केसांचे रंग, ब्लीच यांच्या बऱ्यावाईट परिणामांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आज मला लिहायचे आहे ते पार्लरमधल्या खुर्चीवर. गिऱ्हाईक तिच्यावर पाऊण तास, तासभर मान टाकून बसते आणि चालवणारी बाई तिच्याभोवती दिवसाचे आठ-दहा तास वाकून उभी असते. एकीची मान आणि दुसरीची कंबर, दोन्ही या खुर्चीच्या हवाली असतात. असे असूनही पार्लर काढताना आरसा, दिवे, रंगसंगती यांवर जेवढा विचार होतो, त्याच्या निम्माही खुर्चीवर होत नाही. लाल रेक्झिन आणि चकाकणारा दांडा पाहून खुर्ची घेतली जाते. हे बदलले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लाकडी खुर्चीपासून पंपाच्या खुर्चीपर्यंत

आपल्याकडे पूर्वी नाभिक झाडाखाली किंवा ओट्यावर धोपटी उघडून बसत. गिऱ्हाईक समोर उकिडवे बसे. पुढे लाकडी खुर्ची आली आणि डोके टेकायला मागे फळी आली. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेंट लुई शहरातील अर्नेस्ट कोकेन या उत्पादकाने तेलाच्या दाबावर वर-खाली होणारी खुर्ची आणली. आजच्या सलूनमधली पायाने पंप मारायची खुर्ची त्याच घराण्यातली. ती खुर्ची उंच होऊ लागल्यामुळे कारागिराने वाकायचे की गिऱ्हाइकाने वर यायचे, या प्रश्नाचे उत्तर प्रथमच कारागिराच्या बाजूने लागले. आपल्या गावांत मात्र अजून कितीतरी पार्लरांत प्लॅस्टिकची खुर्ची आणि मागे भिंतीला टेकवलेली उशी एवढ्यावरच काम चालते.

मानेत काय असते?

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या चार. दोन मानेच्या पुढच्या बाजूने जातात आणि दोन मागच्या बाजूने, मानेच्या मणक्यांना असलेल्या छिद्रांमधून ओवल्यासारख्या वर चढतात. या मागच्या दोन वाहिन्या कवटीत शिरण्यापूर्वी वरच्या मणक्याला वळसा घालतात. मान मागे फार झुकवली, त्यातच एका बाजूला वळवली आणि तशीच धरून ठेवली, तर या वळशापाशी ताण येतो. एखाद्या वेळी वाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते. त्या चिरेपाशी रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूच्या मागच्या भागात गेली, तर पक्षाघात होतो.

हे काल्पनिक भय नव्हे. १९९३ साली अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी तेथील वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पाच रुग्णांची हकिगत मांडली. केस धुण्यासाठी बेसिनच्या कडेवर मान मागे टाकून बसल्यानंतर त्यांना मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा त्रास झाला होता. तेव्हापासून या प्रकाराला 'ब्युटी पार्लर स्ट्रोक' हेच नाव पडले. २०२२ साली हैदराबादमध्येही असे उदाहरण समोर आले. केस धुताना एका पन्नाशीच्या बाईंना चक्कर, मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. पुढे तपासणीत मेंदूच्या मागच्या भागाचा पक्षाघात निघाला.

मी येथे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. हजारो बायका रोज केस धुवून घेतात आणि हसत घरी जातात. हा प्रकार दुर्मीळ आहे. पण जो धोका एका गुंडाळलेल्या टॉवेलने आणि खुर्चीच्या योग्य कलाने टाळता येतो, तो दुर्मीळ आहे म्हणून पत्करायचा कशासाठी?

पुरुषवाचकांनीही 'हे बायकांचे' म्हणून पान उलटू नये. दाढीनंतर मान कडाडकन मोडून घेण्याची हौस आपल्याकडे मोठी. २०१७ साली दिल्लीत अशा मालिशनंतर एका गृहस्थांच्या श्वासपटलाची नस दुखावली आणि त्यांना श्वास घेणे कठीण झाल्याचे वृत्त आले होते. श्वासपटल हलवणारी ही नस मानेतूनच निघते. मान मोडून घेणे हे आरामाचे लक्षण नाही. खुर्ची कितीही महाग असली, तरी ते करून घेऊ नये.

वाकणारीची कंबर

आता दुसरी बाजू. माझ्याकडे कंबरदुखी घेऊन येणाऱ्यांत शेतमजूर, शिवणकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर यांच्या जोडीला पार्लर चालवणाऱ्या मुलीही दिसू लागल्या आहेत. वय अवघे पंचवीस ते पस्तीस. तक्रार एकच, "डॉक्टर, संध्याकाळी सरळ उभं राहवत नाही." क्ष-किरणात बहुधा काही सापडत नाही. मग मी विचारतो, "ताई, गिऱ्हाइकाची खुर्ची तुमच्या कुठवर येते?" त्या हात मांडीशी नेऊन दाखवतात. तिथेच निदान होते.

स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नॅकमसन यांनी गेल्या शतकात कमरेच्या मणक्यांमधील चकतीवर किती दाब येतो, हे प्रत्यक्ष सुई घालून मोजले. सरळ उभे असताना येणारा दाब १०० धरला, तर उताणे झोपल्यावर तो सुमारे २५ निघाला. उभ्याने पुढे वाकल्यावर १५० आणि बसून पुढे वाकल्यावर १८५ पर्यंत गेला. नुसते बसण्याच्या आकड्याबद्दल नंतरच्या संशोधकांत मतभेद झाले. मात्र पुढे वाकले की दाब चांगलाच वाढतो, यावर दुमत नाही.

थ्रेडिंगचेच पाहा. दोऱ्याचे एक टोक दातात, दोन हात कपाळापाशी, नजर भुवईच्या एकेका केसावर आणि कंबर वाकलेली. एका गिऱ्हाइकाला दहा मिनिटे धरली, तर लग्नसराईत दिवसाला वीस-पंचवीस जणी म्हणजे तीन-चार तास नुसते वाकणे झाले. फेशियलचा वेळ त्यात धरलेलाच नाही. खुर्ची वीतभर वर आली, तर यातले बहुतेक वाकणे वाचते. औषधाची गोळी देऊन मी वेदना दोन दिवस कमी करू शकतो. खुर्चीची उंची मात्र त्यांनाच वाढवावी लागते.

एकच खुर्ची, चार कामे

शहरातल्या मोठ्या पार्लरात केस कापायची खुर्ची वेगळी, केस धुण्याची वेगळी आणि फेशियलचा पलंग वेगळा असतो. आपल्याकडे दहा बाय बाराच्या खोलीत ते जमणारे नाही. म्हणून मागे रेलणारी, उंच-सखल होणारी आणि चारही कामांना चालणारी एकच खुर्ची घेणे हा शहाणपणाचा मार्ग होय. पण 'चारही कामांना चालते' हे दुकानदाराच्या तोंडून ऐकून समाधान मानू नये. प्रत्येक कामाची गरज निराळी असते.

केस कापताना गिऱ्हाईक ताठ बसले पाहिजे आणि खुर्ची गोल फिरली पाहिजे, म्हणजे कारागिराला भोवती प्रदक्षिणा घालावी लागत नाही. थ्रेडिंगला पाठ अर्धवट मागे रेललेली आणि डोके टेकलेले हवे. फेशियलला पाठ जवळजवळ आडवी, पाय वर उचललेले आणि चेहरा स्टुलावर बसलेल्या बाईच्या कोपराच्या पातळीत हवा. केस धुताना सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. तेथे सगळे धड कलले पाहिजे, नुसती मान नव्हे. धड ताठ आणि मान तेवढी बेसिनवर लोंबकळलेली, ही स्थिती सर्वांत वाईट.

घेताना काय पाहावे

पहिली गोष्ट डोक्याचा टेकू. तो वर-खाली सरकला पाहिजे आणि त्याचा कोनही बदलता आला पाहिजे. पाच फुटांच्या बाईला आणि पावणेसहा फुटांच्या मुलीला एकाच जागी डोके टेकवता येत नाही. टेकू जागच्या जागी घट्ट बसतो का, हे हाताने दाबून पाहावे. डोक्याचे वजन साधारण साडेचार-पाच किलो असते. तेवढ्या वजनाने तो घसरू लागला, तर ती खुर्ची तेथेच सोडावी.

दुसरी गोष्ट उंची. दुकानात खुर्ची सर्वांत वर नेऊन तिच्यावर मैत्रिणीला बसवावे आणि आपण कामाला उभे राहतो तसे उभे राहावे. पाठ सरळ ठेवून हात तिच्या भुवईपर्यंत सहज पोहोचतात का, ते पाहावे. खुर्ची कारागिराच्या मापाने घ्यायची असते. दोघी-तिघी आलटून पालटून काम करत असतील, तर सर्वांनी जाऊन पाहावे. मग खुर्ची सर्वांत खाली आणून वयस्कर बाईचे पाय जमिनीला टेकतील का, याचाही अंदाज घ्यावा.

तिसरी गोष्ट पाठ मागे नेण्याची सोय. काही खुर्च्यांत दांड्याला खाचा असतात आणि पाठ टप्प्याटप्प्याने मागे जाते. काहींत लिव्हर ओढले की पाठ सावकाश हव्या त्या कोनावर थांबते. दुसरा प्रकार बरा. खाचांच्या खुर्चीत हात सुटला, तर पाठ एकदम खाली येते आणि बसलेल्या बाईच्या मानेला हिसका बसतो. विजेवर चालणाऱ्या खुर्च्याही मिळतात. काम हलके होते हे खरे, पण आपल्याकडे भर लग्नसराईत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, वीज जाते हे विसरू नये. गिऱ्हाईक आडवे आणि खुर्ची बंद, अशी फजिती नको. पायाच्या पंपाची खुर्ची आपल्या गावांना अधिक सोयीची, असे मला वाटते.

चौथी गोष्ट बैठकीचा पाया. पाठ पूर्ण मागे नेऊन एखाद्या धट्टयाकट्ट्या माणसाला तिच्यावर झोपवावे आणि पायाकडच्या बाजूने उठायला सांगावे. खुर्ची तिकडे कलंडते का? गोल पाया जितका रुंद आणि जड, तितकी खुर्ची स्थिर. मात्र फेशियल करणारीला डोक्याकडच्या बाजूला स्टूल आत सारून गुडघे घालता आले पाहिजेत. नाही तर लांबून हात पुढे करावे लागतात आणि खांदे धरतात.

पाचवी गोष्ट दुरुस्ती. पंपाचे वायसर झिजतात, तेल गळते आणि मग खुर्ची बसल्या बसल्या हळूहळू खाली येते. सुटे भाग जिल्ह्याच्या गावी मिळतात का आणि दुरुस्तीला कोण येणार, हे पैसे देण्याआधी विचारून घ्यावे. शेवटी स्वतः त्या खुर्चीवर दहा मिनिटे आडवे पडावे. दुकानदार चुळबुळ करील, करू द्यावी. तुमचे गिऱ्हाईक तिच्यावर तासभर पडणार आहे.

रेक्झिन आणि स्वच्छता

कापडी आवरण दिसायला ऊबदार, पण ते घाम, तेल आणि केस धरून ठेवते. पार्लरला रेक्झिनसारखे पुसता येणारे आवरणच योग्य. शिवणी कमी असाव्यात, कारण घाण तेथेच साचते. आवरणाला चीर पडली, तर चिकटपट्टी लावून वर्ष काढू नये, आवरण बदलावे. आतल्या स्पंजात ओल शिरली की ती बाहेर निघत नाही.

डोक्याच्या टेकूवर प्रत्येक गिऱ्हाइकाला धुतलेला टॉवेल किंवा नवा कागद घालावा. उवा आणि डोक्याचा गजकर्ण यांचा प्रसार याच जागेवरून होऊ शकतो. गजकर्णाची बुरशी गेल्या काही वर्षांत आपल्या देशात औषधांना फार चिवट झाली आहे, हे त्वचारोगतज्ज्ञ वारंवार सांगत आहेत. रोजच्या सफाईला साबणाचे पाणी आणि स्वच्छ फडके पुरते. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग करताना रक्ताचा थेंब पडला, तर मात्र हातमोजे घालून तो पुसावा. त्यानंतर ५ टक्के तीव्रतेच्या ब्लीचच्या द्रावणाचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग असे ताजे मिश्रण लावून १० मिनिटे ठेवावे आणि मग पाण्याने पुसावे. काविळीचा 'ब' विषाणू कोरड्या पृष्ठभागावर निदान सात दिवस टिकून राहतो.

कोणाला अधिक जपावे?

काही गिऱ्हाइकांना चांगली खुर्चीही जपूनच वापरायला हवी. साठीच्या पुढच्या बायका, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या, मानेचे मणके झिजलेल्या, पूर्वी पक्षाघात होऊन गेलेल्या आणि आमवाताच्या रुग्ण यांची मान मागे टाकू नये. आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात. अशांचे केस पुढे वाकून, कपाळाशी टॉवेल धरून धुवावेत किंवा घरूनच धुवून यायला सांगावे.

पाच महिन्यांच्या पुढच्या गरोदर स्त्रीला सपाट उताणे झोपवू नये. गर्भाशयाच्या भाराने पाठीच्या कण्याजवळची मोठी शीर दाबली जाते आणि तिला घेरी येते. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी फेशियलला आलेल्या मुलीला पाठ उंच ठेवून, उजव्या कुशीखाली उशी देऊन, किंचित डावीकडे कलवून बसवावे. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांना जेवल्या जेवल्या आडवे करू नये. कुणालाही तासभर आडवे ठेवल्यावर एकदम उठवू नये. पाठ आधी सरळ करावी, मिनिट-दोन मिनिटे बसू द्यावे आणि मग उभे करावे.

एवढे करूनही पार्लरमध्ये किंवा पुढच्या दोन-चार दिवसांत चक्कर, एकाचे दोन दिसणे, बोबडी वळणे, तोल जाणे, चेहरा वाकडा होणे, हातापायातली शक्ती जाणे, मानेच्या एका बाजूला पूर्वी कधी नव्हते असे दुखणे, यांपैकी काही झाले तर 'ॲसिडिटी असेल' म्हणून लिंबूपाणी देत बसू नये. १०८ क्रमांकाला फोन करून सरळ मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

पैशाचे काय?

"डॉक्टर, सांगायला सोपं आहे. एवढे पैसे आणायचे कुठून?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो आणि तो खराही आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत केशकर्तनाचा व्यवसाय आहे. त्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. आपल्या गावच्या बँकेत आणि ग्रामपंचायतीत जाऊन चौकशी करावी.

तोवर थांबायचे कारण नाही. खुर्ची उंच होत नसेल, तर सुताराकडून चार-सहा इंच उंचीचा भक्कम आणि रुंद लाकडी पाट करून घ्यावा, त्यावर खुर्चीचे चारही पाय पक्के बसतील अशी कड ठेवावी आणि पायासाठी पायरी द्यावी. मानेखाली टॉवेलची गुंडाळी घालावी. फेशियलला चाकांचे स्टूल वापरावे. दर गिऱ्हाइकानंतर दोन मिनिटे कमरेवर हात ठेवून मागे वाकावे. दिवसभर उभे राहणाऱ्यांनी पायाखाली जाड रबरी चटई घालावी आणि अधूनमधून टाचा उचलाव्यात. पायांच्या शिरा फुगण्याची तक्रार असणाऱ्यांनी तर हे अवश्य करावे.

गिऱ्हाइकांनाही माझे एक सांगणे आहे. मानेला टोचत असेल, अवघडत असेल, तर संकोच न करता बोलावे. 'ताईंना वाईट वाटेल' म्हणून गप्प बसू नये. आणि चांगल्या खुर्चीचे पार्लर दहा-वीस रुपये जास्त घेत असेल, तर घासाघीस करू नये. ते दहा-वीस रुपये दिव्यांचे आणि आरशाचे नसून तुमच्या मानेचे आणि तिच्या कमरेचे आहेत. दुकानाचा रंग पुढच्या दिवाळीला बदलता येईल, पण मणके बदलून मिळत नाहीत.